बॉबी परत आला, बाकीचे पळाले

बीबीसीच्या 'शेरलॉक'चा पहिला एपिसोड आठवतोय? जॉन वॉटसन हा लष्करी डॉक्टर जखमी होऊन लंडनला परतलाय आणि शेरलॉक त्याला पहिल्याच भेटीत विचारतो, अफगाणिस्तान की इराक? 1887 सालच्या मूळ कादंबरीत इराकचा प्रश्नच नाही. 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये वॉटसन स्वतःच सांगतो की त्याला गोळी लागली ती मैवंदच्या लढाईत, आणि तेव्हा तो बर्कशायर पलटणीसोबत होता.

मी ही कादंबरी लॉकडाऊनमध्ये फोनवर वाचली. दिवसभर कॉल, रात्री होम्स. मैवंद हे नाव लेखकाने डोक्यातून काढलं असेल असं वाटून मी सहज सर्च केलं, तर लढाई खरी निघाली. 27 जुलै 1880. आणि फोटोंमध्ये, तोफा आणि मिशाळ इंग्रज अधिकाऱ्यांच्या गर्दीत, एक कुत्रा. लहानसा, पांढरट, कुठल्याही गल्लीत सापडेल असा संकरित. भुसा भरून काचेच्या पेटीत उभा केलेला. सोबत पदक.

त्याचं नाव बॉबी. आज तो इंग्लंडमधल्या सॅलिसबरीच्या लष्करी संग्रहालयात आहे. तो तिथे कसा पोहोचला हे शोधता शोधता मी शेवटी कामठीला पोहोचलो, म्हणजे माझ्या घरापासून पाऊण तासावर. मधला रस्ता बराच वळणाचा आहे.

(जाता जाता: कादंबरीत वॉटसन म्हणतो की आपल्याकडे बुलडॉगचं पिल्लू आहे. त्यानंतर ते पिल्लू पुन्हा कुठेच दिसत नाही. त्याचं काय झालं यावर होम्सचे चाहते अजून वाद घालतात.)

आधी लढाई. दुसरं अफगाण युद्ध 1878 ला सुरू झालं. दोन वर्षांनी कंदहार इंग्रजांच्या ताब्यात होतं आणि हेरातहून अयूब खान मोठी फौज घेऊन तिकडे निघाला होता. त्याला अडवायला ब्रिगेडियर जनरल बरोज सुमारे 2500 माणसं घेऊन बाहेर पडला. समोर आकडा त्याच्या दहापट. इंग्रजांच्या 12 तोफा, अयूब खानाच्या 30.

आता हे 2500 कोण? इंग्रजी चित्रं पाहिली तर वाटतं सगळे लाल चेहऱ्याचे गोरे. प्रत्यक्षात गोरी पायदळ पलटण एकच होती, 66वी. बॉबी तिचा. तोफखान्याची एक गोरी तुकडी होती. बाकी जवळपास सगळं बॉम्बे आर्मीचं: पहिली बॉम्बे ग्रेनेडियर, 30वी म्हणजे जेकब्ज रायफल्स, तिसरं बॉम्बे घोडदळ, सिंध हॉर्स आणि बॉम्बे सॅपर्सची अर्धी कंपनी. बॉम्बे आर्मी म्हणजे मुंबई इलाख्याची फौज. तिच्या भरतीत कोकण आणि देशावरचे मराठे होते, महार होते, मुसलमान होते, बेने इस्राएली होते, आणि उत्तरेकडून आलेले, ज्यांना इकडे 'परदेशी' म्हणायचे, तेही होते.

जुलैचं ऊन. आपण नागपूरकर उन्हाच्या गोष्टीत कुणाला भाव देत नाही, पण इथे माणसं पहाटेपासून चाललेली होती, धड खाल्लेलं नव्हतं, आणि उघड्या माळावर तोफांच्या माऱ्याखाली तासन् तास पडून राहायचं होतं. ग्रेनेडियर्सच्या पुढ्यात आडोसा म्हणून काही नव्हतं. जेकब्ज रायफल्समध्ये बरीच पोरं नवी होती. दुपारी गुळगुळीत नळीच्या सहा तोफांचा दारूगोळा संपला आणि त्या मागे नेल्या. तोफा मागे जाताना बघणं हे पायदळाला फार वाईट. आधी डावी बाजू ढासळली, ती ग्रेनेडियर्सवर आली, आणि तो सगळा लोंढा उजवीकडच्या 66व्या पलटणीवर जाऊन आदळला.

66वीचे लोक मागे हटत खिग नावाच्या गावातल्या बागेत शिरले. त्यांच्यासोबत लेफ्टनंट हेन आणि त्याचे मूठभर बॉम्बे सॅपर्सही होते. तिथे ते घेरले गेले. शेवटी अकरा जण उरले, ते बागेतून बाहेर आले आणि उघड्यावर लढत मेले. हे जगाला कळलं ते अफगाण बाजूच्याच एका तोफखाना अधिकाऱ्याकडून, कारण सांगायला इकडचं कुणी उरलं नव्हतं. पुढे फ्रँक फेलर नावाच्या चित्रकाराने 'मैवंदचे शेवटचे अकरा' हे चित्र काढलं. त्यात 66वीचे अकरा जण आणि त्यांच्यासोबत एक छोटा कुत्रा.

कुत्रा मात्र मेला नाही. बॉबी सार्जंट पीटर केली याचा. जखमी अवस्थेत तो त्या गोंधळातून निसटला आणि कंदहारकडे निघालेल्या वाचलेल्यांना जाऊन मिळाला. मैवंद ते कंदहार सुमारे 70 किलोमीटर, म्हणजे साधारण नागपूर ते वर्धा. रात्रभराची वाट, पाणी जवळपास नाही, दोन्ही बाजूंनी गावकऱ्यांचे हल्ले. सार्जंट केलीही जखमी झाला, पण वाचला.

वर्षभराने पलटण मायदेशी गेली. 17 ऑगस्ट 1881 ला ऑस्बोर्न हाउसमध्ये व्हिक्टोरिया राणीने मैवंदहून परतलेल्यांना पदकं दिली. बॉबीला भरतकाम केलेला कोट घातला होता. राणीने त्यालाही अफगाण युद्धाचं पदक दिलं. माणसांना दिलं तेच.

एवढी गोष्ट इंग्रजीत शेकडो ठिकाणी सापडते, आणि गोड आहे. मलाही आवडली. मी ती एका रविवारी मामाला सांगितली.

मामा कामठीत राहतो. छावणीच्या गावात आयुष्य गेल्यामुळे त्याला रेजिमेंटांची नावं क्रिकेट टीमसारखी पाठ आहेत. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "कुत्र्याचं नाव तं सांगतलं. आन् त्या बॉम्बे ग्रेनेडियरवाल्यायचं काय झालं?"

मी फोन काढला. 66व्या पलटणीचे मेले 286. पहिल्या बॉम्बे ग्रेनेडियरचे मेले 366. जेकब्ज रायफल्सचे 241.

म्हणजे सगळ्यात जास्त माणसं ज्या पलटणीने गमावली, ती चित्रात नाही.

"ते पलटण आता कुठी हाय?" मामाचा पुढचा प्रश्न.

हा प्रश्न मला माझ्या धंद्यामुळे आवडला. कोडमध्ये एखाद्या फाइलचं नाव बदललं की साध्या 'गिट लॉग'ला वाटतं ती फाइल आजच जन्मली. मागचा इतिहास बघायचा तर त्याला मुद्दाम सांगावं लागतं, नावं बदलली तरी माग काढत जा. पलटणींचं तसंच आहे. पहिली बॉम्बे ग्रेनेडियर 1903 मध्ये 101वी ग्रेनेडियर्स झाली. 1922 मध्ये तिचं नाव चौथ्या बॉम्बे ग्रेनेडियर्सची पहिली बटालियन. ग्रेनेडियर्स ही रेजिमेंट आजही आहे, तिचं केंद्र जबलपूरला. पण 1949 मध्ये तिची ही पहिली बटालियन काढून एका नव्या रेजिमेंटला दिली गेली आणि ती तिथली दुसरी बटालियन झाली. नवी रेजिमेंट म्हणजे ब्रिगेड ऑफ द गार्ड्स.

मामा हसला. गार्ड्सचं केंद्र कामठीत आहे. आम्ही बसलो होतो तिथून स्कूटरने दहा मिनिटं.

त्या दिवसापासून मी मैवंदबद्दल मिळेल ते वाचत गेलो. एक गोष्ट डोक्यातून जाईना. ती घटनांची नाही, क्रियापदांची आहे.

बॉबी रणांगण सोडून कंदहारला आला. ग्रेनेडियर्सचे वाचलेले शिपाईही रणांगण सोडून कंदहारला आले. रस्ता एक, रात्र एक, तहान एक. इंग्रजी वर्णनांमध्ये बॉबी 'वाचला', 'वाट काढत परत आला', 'आपल्या माणसांना शोधून काढलं'. शिपाई मात्र 'पळाले', 'मोडले', 'मेंढरांसारखे एकमेकांवर कोसळले'. ज्या पलटणीतले 366 मेले, तिच्या उरलेल्यांबद्दल हे लिहिलंय.

बॉबीवर माझा राग नाही. त्याला पदक दिलं म्हणून कुणा शिपायाचं पदक कमी झालं, असंही नाही. तेच युद्धपदक हिंदी शिपायांनाही मिळालं. फरक वेगळ्या ठिकाणी आहे. कुत्र्याचं कौतुक स्वस्तात होतं. तो पेन्शन मागत नाही, बढती मागत नाही, आणि हरलेल्या लढाईचा हिशेब मांडताना त्याच्यावर खापर फोडता येत नाही. शिपायावर येतं.

आणि हरलेल्या लढाईचं खापर कुणावर तरी फुटावंच लागतं. अपुरं पाणी, चुकीची जागा, शत्रूच्या संख्येचा चुकलेला अंदाज, हे सगळं वरच्या लोकांचं. घोडदळाच्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांवर कोर्ट मार्शल झालं आणि दोघेही सन्मानाने सुटले. तोफखान्याच्या दोघा गोऱ्या जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो मिळण्याची हिंदी शिपायाला तेव्हा सोयच नव्हती. ती 1911 मध्ये झाली. त्या युद्धाच्या पदकावर वेगवेगळ्या लढायांच्या सहा पट्ट्या होत्या, मैवंदची नव्हती. हरलेल्या लढाईची पट्टी कोण काढणार! पण विलायतेत रेडिंगच्या बागेत 1886 मध्ये लोखंडी सिंह उभा राहिला, त्या मोहिमेत मेलेल्या 66व्या पलटणीच्या 329 जणांसाठी. नावं एकेक करून कोरलेली. हे मला मनापासून चांगलं वाटतं. साध्या शिपायांची नावं इतक्या मोठ्या स्मारकावर यावीत हे त्या काळात त्यांच्याकडेही नेहमीचं नव्हतं. फक्त यादी 66वीवर थांबते.

मैवंदनंतर महिन्याभरात जनरल रॉबर्ट्स काबूलहून कंदहारला धडक मारून आला आणि 1 सप्टेंबरला त्याने अयूब खानाचा पराभव केला. त्याच्या फौजेत गुरखे, शीख आणि हायलँडर. लोकांच्या डोक्यात चित्र पक्कं बसलं: बॉम्बेवाले हरले, उत्तरेवाल्यांनी वाचवलं. 1885 मध्ये हाच रॉबर्ट्स सगळ्या हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. हिंदुस्थानातल्या काही जाती जन्मानेच लढवय्या आणि बाकीच्या बिनकामाच्या, या सिद्धान्ताचा तो मोठा पुरस्कर्ता. एकट्या मैवंदमुळे हे सगळं घडलं असं म्हणणं चूक होईल; रशियाची भीती होती, पंजाब सरहद्दीच्या जवळ होता, इंग्रजांचे आपापसातले हेवेदावे होते. पण बोट दाखवायला मैवंद फार सोयीचं होतं. बॉम्बे पलटणींची भरती हळूहळू उत्तरेकडे सरकली. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंदच झाली.

ही एक ओळ लिहायला सोपी आहे. ज्या समाजाला गावात विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्याच्यासाठी पलटण म्हणजे शाळा होती, पगार होता, पेन्शन होती, अंगावर गणवेश होता. बाबासाहेबांचे वडील रामजी बॉम्बे आर्मीत सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवायचे. 1891 मध्ये महूच्या छावणीत बाबासाहेब जन्मले तेव्हा हा दरवाजा लागतच आला होता. 1894 मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज लिहिला, आमचे बापजादे तुमच्यासाठी लढलेत, याची आठवण करून देणारा. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा दरवाजा थोडा उघडला, युद्ध संपल्यावर पुन्हा लागला.

1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. पहिली बटालियन बेळगावला. दुसरी कामठीला.

मामाला हे माहीत होतं. मला नव्हतं. नागपुरात वाढून, दर ऑक्टोबरला दीक्षाभूमीवरची गर्दी बघून, मला हे माहीत नव्हतं.

आणि गार्ड्स? 1949 मध्ये करिअप्पांनी ही रेजिमेंट उभी केली तीच मुळात या लढवय्या जातींच्या कल्पनेला फाटा देण्यासाठी. कुठल्याही प्रांताचा, कुठल्याही जातीचा माणूस एकाच पलटणीत, असं पायदळात पहिल्यांदा इथे झालं. ज्या पलटणीच्या पराभवाकडे बोट दाखवून जातींची वर्गवारी पक्की केली, तिलाच या नव्या रेजिमेंटमध्ये आणून बसवलं. करिअप्पांच्या डोक्यात तेव्हा मैवंद असेल असं मी म्हणत नाही. जुन्या, नावाजलेल्या बटालियन निवडल्या, त्यात ही आली इतकंच.

कुत्र्यांकडे परत येतो. मराठी वाचकाला इथे रायगडचा वाघ्या आठवणार. त्याच्यावर मी लिहीत नाही. त्या समाधीवरून पुरेशी डोकी फुटली आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुलीला मात्र जरूर जा. तिथे छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून महाराजांना वाचवलं म्हणून खंड्याला पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. खंड्या काय, बॉबी काय, राजाराणीच्या नजरेत आले म्हणून आपल्यापर्यंत पोहोचले.

बॉबीला काही काम नव्हतं. तो पाळलेला, पलटणीसोबत हिंडणारा, भुंकणारा. विसाव्या शतकात कुत्र्याला लष्करात नोकरी लागली: निरोप नेणं, जखमी शोधणं, सुरुंग हुंगणं. आपल्याकडे मेरठला त्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. नोकरी लागली तसे नोकरीचे नियमही लागले. काम करेनासा झालेला कुत्रा म्हणजे निकामी सामान. सेवेतून काढलेल्या कुत्र्यांना दयामरण दिलं जातं हे 2015 मध्ये माहितीच्या अधिकारातून बाहेर आलं, लोक चिडले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि मग धोरण बदलायला सुरुवात झाली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली एक गोष्ट. काश्मीरमध्ये तंगधार भागात टेरिटोरियल आर्मीचा जवान बशीर अहमद वार आणि त्याची चार वर्षांची लॅब्रॅडोर मानसी गस्तीवर होते. मानसीला घुसखोरांचा वास लागला आणि ती पुढे खेचू लागली. तिला गोळी लागली. बशीरने गोळीबार सुरू ठेवला आणि तोही तिथेच मेला. मानसीचं नाव पुढे 'मेन्शन इन डिस्पॅचेस'मध्ये आलं, म्हणजे अधिकृत युद्धनोंदीत. या गोष्टीच्या जेवढ्या बातम्या मी वाचल्या त्या सगळ्यांत दोन्ही नावं शेजारी शेजारी आहेत. मैवंदच्या नादात इतके दिवस घालवल्यावर मला ते वाचून बरं वाटलं.

बॉबी पदक मिळाल्यावर चौदा महिने जगला. 13 ऑक्टोबर 1882 ला गॉस्पोर्ट गावात घोडागाडीखाली सापडून मेला. अफगाण तोफांतून सुटलेला कुत्रा शहरातल्या ट्रॅफिकमध्ये गेला. मग पलटणीने त्याला भुसा भरून जपलं. ती पलटणही नावं बदलत गेली, 66वीची बर्कशायर झाली, पुढे इतरांत मिसळत आजच्या 'रायफल्स'मध्ये गेली. पण काचेची पेटी दर वेळी सोबत नेली.

गेल्या महिन्यात मामाने बॉबीचा तो फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत अकरा हार्ट आले. एका बहिणीने लिहिलं, 'सो क्यूट'. कुणीतरी विचारलं, जात कोणती? मी म्हटलं, मिश्र. मग मी खाली लिहिलं की त्याच लढाईत पहिल्या बॉम्बे ग्रेनेडियरचे 366 जण मेले आणि ती पलटण आता आपल्या कामठीत आहे.

निळ्या टिका झाल्या. थोड्या वेळाने मावशीने गुड नाइटचं गुलाबाचं फूल टाकलं.